निकेलवाले बेकन

हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते. हे वायू न जाळता एका विशिष्ट साधनात एकत्र आणले, तर पाण्याबरोबर वीजही मिळते. या साधनाला इंधन-घट म्हणतात. विल्यम ग्रोव्ह यांनी 1842 साली असा घट केला, पण त्यात प्लॅटिनम लागे. प्लॅटिनम इथे उत्प्रेरक असतो, म्हणजे स्वतः न संपता क्रियेला वेग देतो. पण तो पडला फार महाग!

स्वस्त धातूवर हे काम करून दाखवणाऱ्या फ्रान्सिस थॉमस बेकन यांची गोष्ट मी सांगतो.

त्यांचा जन्म 1904 साली इंग्लंडमध्ये झाला. ते इंजिनियर होते. 1932 साली इंधन-घटाविषयी वाचले आणि त्यांना ध्यास लागला. पुढे 1940 साली या प्रयोगांपायी त्यांनी चांगली नोकरी सोडली. त्यांनी निकेल निवडले. 1960 नंतरच्या काही वर्षांत आपले पन्नास पैशांचे नाणे याच धातूचे होते. थंडपणी निकेल नीट काम करीना, म्हणून बेकन यांनी घट सुमारे 200 अंश सेल्सिअसला तापवला आणि वायूंचा दाब वाढवला. आत आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातले. तर ऑक्सिजनच्या बाजूचे निकेल गंजू लागले! मग त्यांनी त्यावर लिथियमची प्रक्रिया केली, तेव्हा कुठे ते टिकले.

1959 साली केंब्रिजला त्यांनी 40 घटांची बॅटरी चालवून दाखवली. ध्यास लागल्याला तोवर 27 वर्षे झाली होती. पुढे अमेरिकेने त्यात सुधारणा करून अपोलो यानांत असे घट बसवले. 1969 साली चंद्रावर गेलेल्या अपोलो 11 ला त्यांनी वीज दिली आणि अंतराळवीरांना प्यायला पाणीही दिले. बेकन 1992 साली वारले.

पण काम संपले नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यांच्या पद्धतीचा घट बिघडतो. म्हणून हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींत वेगळा घट असतो आणि त्याला पुन्हा प्लॅटिनमच लागते. आता शास्त्रज्ञ लोखंड, नायट्रोजन आणि कार्बन यांपासून स्वस्त उत्प्रेरक बनवू पाहत आहेत. तो टिकाऊ झाला तर धूर न सोडणारी गाडी स्वस्त होईल.

मला बेकन आवडतात, कारण एक अडचण सुटली की दुसरी उभी राहायची, तरी त्यांनी हात टेकले नाहीत. आपणही गणित अडले की लगेच वही मिटू नये.