वारकरी मायबहिणींच्या सेविका : श्रीमती रमाबाई रानडे

कार्तिक मास लागला, काकडआरतीचे सूर पहाटेच्या गारव्यात मिसळू लागले, की आमच्यासारख्या कीर्तनकाराच्या पावलांना आपोआप ओढ लागते. शुद्ध एकादशीला पंढरी आणि वद्य एकादशीला अलंकापुरी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला श्रीज्ञानेश्वर माउलींनी इंद्रायणीच्या तीरी समाधी घेतली. त्या समाधीपुढे मस्तक ठेवण्यासाठी लोटणाऱ्या जनसंमर्दात स्त्रियांची संख्या केवढी असते, हे यात्रा केलेल्या वाचकांस सांगावयास नको. या पर्वकाळी एखादे संतचरित्र सांगावे, हा आमचा परिपाठ. यंदा मात्र जिच्या नावामागे संत ही उपाधी कोणी लावली नाही, अशा एका गृहिणीचे चरित्र आम्ही निवडले आहे.

त्याचे कारण असे घडले. आश्विनात आमच्या क्षेत्रातील भजनी मंडळाच्या काही भगिनी आमच्या घरी आल्या. मंडळात हरिपाठ होतो, एकादशीचा जागर होतो. परंतु यात्रेस येणाऱ्या बायाबापड्यांसाठी आणि गावातील आजाऱ्यांसाठी आपल्या हातून काही घडेल काय, आणि ते करताना घरचे कर्तव्य उणे पडणार नाही ना, असे त्यांनी विचारले. नारदांच्या गादीवर चाळीस वर्षे उभे राहूनही आम्हांस उत्तर चटकन सुचले नाही. रात्री रमाबाई रानडे आठवल्या, आणि आठवताच थोडी लाजही वाटली. पूर्वरंगात पातिव्रत्याचे निरूपण आले की रमाबाईंचा दाखला आम्ही नेहमी देतो. न्यायमूर्तींच्या देहावसानाशी कथा थांबवतो आणि आरतीकडे वळतो. त्यापुढील तेवीस वर्षे आम्ही श्रोत्यांस कधी सांगितलीच नाहीत.

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर. सागरेश्वराच्या परिसरातील देवराष्ट्रे हे त्यांचे गाव. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडे, आज सांगलीत. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा वय अवघे अकरा, आणि अक्षरओळख मुळीच नाही. पतीचे वय एकतीस. न्यायमूर्तींची प्रथम पत्नी निवर्तल्यावर मुलगा विधवेशी विवाह करील या भीतीने वडिलांनी घाईने हे लग्न ठरवले. पित्याची आज्ञा मोडवेना म्हणून न्यायमूर्तींनी मान तुकवली आणि सुधारक मित्रांची टीका सोसली. सासरी येताच मात्र त्यांनी या बालवधूच्या हाती पाटी दिली.

येथून घरातील तपश्चर्या सुरू झाली. दिवसभर सोवळेओवळे, स्वयंपाक, वडीलधाऱ्यांची सेवा. रात्री दिव्यापाशी धडे. पुढे इंग्रजी शिकवण्यासाठी एक गोरी बाई घरी येऊ लागली, तेव्हा तिच्या स्पर्शाचा विटाळ मानून रमाबाईंस वस्त्र बदलल्याशिवाय घरात वावरता येईना. सासर, नणंद, आप्तस्त्रिया यांचे टोमणे तर नित्याचेच. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. त्या वडीलधाऱ्या स्त्रियांस खलनायिका ठरवणे आम्हांस जड जाते. त्याही व्रतस्थ आणि देवभोळ्या होत्या. आमची आजी त्या काळी असती तर निःसंशय त्यांच्याच पंक्तीला बसली असती. परंतु घरातील एका मुलीने पुस्तक उघडले म्हणून देवघर बाटते, असे त्यांस वाटले खरे, आणि त्या समजुतीचे पोषण आमच्या व्यवसायातील मंडळींनीही पुष्कळ केले.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांचा संस्कृत व्यासंग असाधारण होता. पुराणांवर अस्खलित बोलणारी स्त्री पुण्याने त्यापूर्वी पाहिली नव्हती. त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाज स्थापन झाला आणि कुलीन घरातील स्त्रिया एकत्र बसून वाचू-बोलू लागल्या. पंडिताबाईंनी पुढे विलायतेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पुण्यातील संशयी मंडळींस मोठेच निमित्त मिळाले. आमच्या रमाबाई स्वधर्मातच राहिल्या. मात्र गृहिणींनी नेमाने एकत्र यावे, ही गोष्ट त्यांनी सोडली नाही. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी मानपत्र त्यांनी गव्हर्नरांपुढे वाचले, त्या दिवशी घरी त्यांचे स्वागत कसे झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. १८८४ साली पुण्यास ते हायस्कूल निघाले; हुजूरपागा या नावाने ते सर्वांस परिचित आहे.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचे एक मंडळ काढून भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालवले. रात्री घरी प्रार्थना आणि तुकोबांचे अभंग असत. न्यायमूर्ती प्रार्थनासमाजी खरे, परंतु अभंगांवाचून त्यांचा दिवस सरत नसे. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. रमाबाईंस मूलबाळ नव्हते. येथेच आम्ही आजवर टाळ खाली ठेवीत होतो.

पुण्यास परतून रमाबाई वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. त्या काळी विधवेने काय करावे, हे सारे ठरलेले होते : कोपऱ्यातील पाट, जपमाळ, आणि दुसऱ्यांच्या घरची राबणूक. रमाबाईंनी जपमाळ ठेवली आणि कोपरा सोडला. न्यायमूर्तींची धर्मपर व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. कारागृहातील स्त्री-कैद्यांस भेटावयास त्या जाऊ लागल्या. त्यांच्याशी बोलत, त्यांच्या मनातील मेलेला स्वाभिमान जागा करीत. सुधारशाळेतील मुलांस सणासुदीला खाऊ नेत. इस्पितळात रुग्णांपाशी फळे, फुले, पुस्तके घेऊन जात. वाचकहो, यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा द्रव्यसंचय लागत नाही. लागतो तो उंबरठा ओलांडण्याचा निर्धार, आणि आठवड्याच्या आठवड्याला पुन्हा जाण्याचा नेम.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईस सेवासदन स्थापण्यासाठी रमाबाईंस साकडे घातले. पुढल्याच वर्षी पुण्यास सेवासदन सुरू झाले ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर यांनी व्यवस्थेचा भार उचलला. १९१५ मध्ये पुण्याची संस्था स्वतंत्रपणे नोंदली गेली. प्रौढ विवाहित स्त्रिया, परित्यक्ता, बालविधवा लिहावाचावयास, शिवावयास, गावयास येत. वर्ग असे बेताने ठेवलेले की स्वयंपाकपाणी उरकून यावे आणि दिवेलागणीच्या आत घरी पोहोचावे. आमच्या भगिनींच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा आम्हांस येथेच झाला.

सर्वांत अवघड काम परिचारिकांचे. परक्याची जखम धुणे, परक्या जातीच्या बाळंतिणीस हात लावणे, हे कुलीन घरातील स्त्रीचे काम नव्हे, अशी समाजाची ठाम समजूत होती. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रिया मात्र प्रत्येक जातीत होत्या. रमाबाईंनी विधवा मुलींस या शिक्षणासाठी तयार केले, त्यांच्यासाठी वसतिगृह काढले, आणि लोकनिंदेची पहिली लाट स्वतःच्या अंगावर घेतली. ज्या हातांचा स्पर्श मंगलकार्यात अशुभ मानला जाई, त्याच हातांनी पुढे किती घरांत बालक प्रथम उचलून धरले असेल! हे वाक्य आम्ही कीर्तनात उच्चारू लागलो तर काही जुने श्रोते उठून जातील, अशी आम्हांस पूर्वी भीती होती. आता ती ओसरली आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. उतारवयातही आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना रमाबाई सेवासदनाच्या स्वयंसेविका बरोबर घेऊन आळंदीस जात आणि यात्रेकरू स्त्रियांची सेवा करीत. आजच्यासारखे नळ, दवाखान्याच्या गाड्या, ध्वनिक्षेपक यांतले काहीच तेव्हा नव्हते. यात्रा म्हटली की पटकीचे भय असे. घाटावरील गर्दीत पोर हातातून सुटले, वाटेत कळा सुरू झाल्या, की परगावच्या बाईने कोणाकडे पाहावे? पुरुषापुढे तोंड उघडण्याची तिला चोरी. अशा वेळी जवळ बसून विचारपूस करणारी, लिहितावाचता येणारी एक स्त्री भेटणे म्हणजे तिला माउलीच भेटल्यासारखे वाटत असणार. न्यायाधीशाची पत्नी म्हणून ज्यांस पालखीत बसून दर्शन घेता आले असते, त्या रमाबाईंनी त्या दर्शनबारीच्या गर्दीतच आपले स्थान शोधले.

याशिवाय पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी स्त्रियांची चळवळ उभारली, आणि मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटल्या. तो विषय राजकारण्यांनी सांगावा. १९१० मध्ये त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र घरोघरी वाचले गेले; आमच्या मातोश्रींच्या पेटीत ते पोथ्यांच्या शेजारी असे. १९२४ साली पुण्यास त्यांचा देह पडला.

कार्तिकाच्या आरंभी मंडळाच्या भगिनी पुन्हा आल्या, तेव्हा आम्ही हेच चरित्र त्यांस सांगितले. आम्ही काही सुचवण्यापूर्वीच त्यांनी आपसांत वाटणी करून टाकली. दोघी निवृत्त परिचारिका घाटावर बसणार आहेत, चौघी चुकलेल्या मुलांचे पाहणार आहेत. ज्यांस घर सोडवत नाही त्या ओसरीवर बाळंतिणींची आणि लेकुरवाळ्यांची सोय करणार आहेत. भजन रात्री नेहमीच्याच वेळी होईल. आमच्याकडे त्यांनी एकच काम सोपवले आहे : कीर्तन उभे राहण्यापूर्वी कोणती सोय कोठे आहे, हे मोठ्याने सांगणे.