आपला सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके

मित्रांनो, आपल्या देशात अनेक थोर माणसे होऊन गेली. कोणी स्वातंत्र्यासाठी लढले, कोणी शाळा काढल्या. दादासाहेब फाळके यांनी सिनेमा काढला. गुरुजींनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी मला त्यांचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा मी थोडी नाराज झाली. मला झाशीच्या राणीवर लिहायचे होते. पण गुरुजींनी पुस्तक दिले आणि समजावून सांगितले. आता मला वाटते, बरे झाले हाच विषय मिळाला.

दादासाहेबांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांना मुंबईला शिकवण्याची नोकरी लागली म्हणून सगळे घर मुंबईला गेले. धुंडिराजांना चित्रे काढायचा नाद होता. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला लागले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथे फोटो काढणेही शिकले.

त्यांनी किती कामे केली ते ऐका. गोध्रा येथे फोटोचे दुकान काढले. पण तिथे प्लेगची साथ आली आणि त्यांची पहिली बायको व मूल दोघेही वारले. हे वाचून मला खूप वाईट वाटले. मग त्यांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. लोणावळ्याला छापखाना काढला. जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतले प्रोफेसर केळफा. आता केळफा हे नाव उलटे वाचा. फाळके! मी आमच्या वर्गातल्या सगळ्यांची नावे उलटी करून पाहिली, पण एवढे छान एकाचेही जमले नाही.

तेव्हा आपल्या देशात परदेशातला सिनेमा येत असे. फ्रान्स देशात ल्युमिए नावाचे दोन भाऊ होते. त्यांनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिस शहरात हलती चित्रे लोकांना तिकीट लावून दाखवली. नंतर त्यांच्या माणसांनी ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ती दाखवली.

साधारण १९११ च्या सुमारास दादासाहेबांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. सोबत त्यांची दुसरी बायको सरस्वतीबाईही गेली होती. पडद्यावर येशू दिसत होता, पण दादासाहेबांच्या मनात राम आणि कृष्ण येत होते. आपले देव, आपल्या गोष्टी अशा पडद्यावर काऊन दिसू नये, असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. त्यांच्याजवळ पैसा नव्हता. सिनेमा कसा काढतात हे शिकवणारी शाळाही नव्हती.

मग ते रोज सिनेमे पाहायला लागले. रात्री घरी बसून फिल्म तपासायचे, पुस्तके वाचायचे. झोप कमी झाली. डोळ्यांवर ताण पडून पडून त्यांना दिसेनासे झाले. सिनेमा काढायचा आणि डोळेच गेले तं काय करायचे? पण डॉक्टरांनी उपचार केला, चष्मे दिले आणि त्यांना पुन्हा दिसायला लागले.

नंतर त्यांनी आपल्या विम्याचे कागद गहाण ठेवले. त्या पैशांवर १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला गेले. तिथे एकही ओळखीचा माणूस नव्हता. तरी त्यांनी सिनेमाचे काम पाहिले, शिकून घेतले आणि कॅमेऱ्याची व फिल्मला भोके पाडायच्या यंत्राची मागणी करून परत आले.

आता पुन्हा पैसा पाहिजे होता. पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा दादासाहेबांनी एक गंमत केली. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. समोर कॅमेरा ठेवला. एक महिन्याहून जास्त दिवस त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. मग ती चित्रे भरभर पडद्यावर दाखवली. बी फुटले, कोंब वर आला, पाने हलली, वेल चढला, सगळे मिनिटाभरात! पाहणारे चकित झाले आणि पैसे द्यायला माणूस तयार झाला.

हे वाचून मी पण वाटाणा लावला. माझ्याजवळ कॅमेरा नाही. म्हणून रोज शाळेतून आल्यावर वहीच्या कोपऱ्यात त्याचे एक चित्र काढायची. नवव्या दिवशी आमच्या बकरीने वाटाणा खाऊन टाकला. मी खूप रडली. आबाजी म्हणाले की दादासाहेबांचे डोळे गेले तरी त्यांनी सोडले नाही, तुझा तं एक वाटाणा गेला. मग मी दुसरा लावला आणि वर टोपली झाकली.

वाटाण्याच्या सिनेमाने काही पैसे मिळाले, पण ते पुरले नाही. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

इथे मी वाचता वाचता थांबली. काऊन की आमच्या घरीही तसेच झाले आहे. आमच्याकडे संत्र्याची झाडे आहेत. दोन वर्षांपूर्वी ती वाळायला लागली. बाबांनी नवी विहीर खोदायला घेतली. खडक लागला आणि पैसे संपले. आईने गळ्यातला सोन्याचा गोफ काढून दिला. तो अजून गहाण आहे. आई लग्नाला जाते तेव्हा नुसती पोत घालते आणि पदर गळ्यापर्यंत ओढून घेते. मला वाटे, तिला थंडी वाजते.

आता सिनेमाचे सांगते. पहिल्या सिनेमासाठी दादासाहेबांनी राजा हरिश्चंद्राची गोष्ट घेतली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दाबके यांनी केले. राजपुत्र झाला दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. पण तारामती राणी व्हायला एकही बाई तयार होईना. सिनेमात काम करणे तेव्हा वाईट समजत. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके राणी झाले. शहरातल्या मुलांना याचे हसू येईल, पण आपल्याला नवल नाही. आपल्याकडच्या खडी गंमतमध्येही पुरुषच लुगडे नेसून बाई होतात आणि चांगले काम करतात.

दादरला दादासाहेबांच्या घरीच सगळे काम चाले. साठ-सत्तर माणसे होती. त्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत. त्यांचे कपडे धूत. उन्हात चित्रण असले की पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत, काऊन की चादरीवरचे ऊन नटांच्या तोंडावर पडले पाहिजे. फिल्म धुवायची औषधे कालवत. आणि रात्री सगळे झोपले की फिल्मला भोके पाडत. तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय मिळे. भोके नसली तं ती कॅमेऱ्यात सरकत नाही. उजेड लागला तं ती खराब होते, म्हणून हे काम अंधारातच करावे लागे. मुलांनाही त्याच सांभाळत.

गुरुजींनी आम्हाला यावर गणित घातले. राजा हरिश्चंद्र हा सिनेमा ३७०० फूट लांब होता. एका फुटात १६ चित्रे असतात. ३७०० गुणिले १६ म्हणजे ५९२०० चित्रे झाली. प्रत्येक चित्राच्या एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ४ अशी ८ भोके. ५९२०० गुणिले ८ म्हणजे ४७३६०० भोके. जवळपास पावणेपाच लाख! भोके यंत्राने पडत, तरी ते यंत्र कोणीतरी चालवायलाच पाहिजे ना? गणित करून करूनच आमचे हात दुखले.

सिनेमाला सहा महिन्यांहून जास्त दिवस लागले. ३ मे १९१३ ला तो मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात लोकांसाठी लागला. तो मुका होता. कोणी बोलत नसे, मधे मधे पडद्यावर अक्षरे येत. त्याच्या आधी १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांनी श्री पुंडलिक या नाटकाचे चित्रण करून दाखवले होते. पण पूर्ण लांबीचा पहिला भारतीय सिनेमा म्हणून राजा हरिश्चंद्रालाच मान देतात. त्यातला थोडा भाग आज उरला आहे आणि तो पुण्याला जपून ठेवला आहे. गुरुजींनी आम्हाला तो मोबाईलवर दाखवला. सुरुवातीला राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण शिकवतो आणि राणी पाहते. आम्ही पंचवीस पोरे एका मोबाईलभोवती डोकी घालून पाहून राहिलो होतो. आवाज नव्हता तरी सगळे समजले.

मग दादासाहेब नाशिकला गेले. तिथे त्यांनी मोहिनी भस्मासुर काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले. आता बाया पडद्यावर आल्या. १९१७ च्या लंकादहनमध्ये साळुंके राम पण झाले आणि सीता पण झाले. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये दादासाहेबांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मुलगी कृष्ण झाली हे मला सगळ्यात जास्त आवडले.

दादासाहेबांनी नव्वदाहून जास्त सिनेमे काढले. पण १९३१ साली बोलणारा सिनेमा आला. मुके सिनेमे मागे पडले. १९३७ साली त्यांनी गंगावतरण हा एकच बोलपट काढला. नंतर सिनेमा काढला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने सिनेमातला सर्वांत मोठा पुरस्कार सुरू केला. १९७१ साली त्यांचे पोस्टाचे तिकीट निघाले. मुंबईच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे. २००९ साली हरिश्चंद्राची फॅक्टरी नावाचा मराठी सिनेमा त्यांच्यावर आला.

हे सगळे चांगले झाले. पण मी गुरुजींना विचारले की सरस्वतीबाईंच्या नावाचे तिकीट कोठे आहे? गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की तू लिहिणार आहेस ना, तू लिही. म्हणून मी लिहून राहिली आहे. दादासाहेब फार मोठे होते. डोळे गेले, पैसा गेला, तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. पण आपला पहिला सिनेमा एकट्याने झाला नाही. तो एका घराने काढला. त्या घरात दागिने देणारी आणि रात्री जागणारी आई होती.

आमच्या विहिरीला मागच्या उन्हाळ्यात पाणी लागले. सगळे तिला बाबांची विहीर म्हणतात. मी हे चरित्र घरी वाचून दाखवले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. पण परवा पाहुणे आले तेव्हा ते म्हणाले की चला, हिच्या आईची विहीर दाखवतो. आई चुलीजवळ होती. तिने ऐकले आणि हसली. गोफ या वर्षीच्या संत्र्यावर सोडवायचा आहे.

मित्रांनो, दादासाहेबांकडून आपण चिकाटी शिकू या. घरात आपल्यासाठी कोण काय करून राहिले आहे तेही पाहू या. दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई फाळके या दोघांना माझा नमस्कार.

या कागदाच्या खाली दोऱ्याने माझी वही बांधली आहे. तिच्या कोपऱ्यात वाटाण्याची एकतीस चित्रे आहेत. पाने अंगठ्याने भरभर सोडा, वाटाणा उगवताना दिसेल. आधी हात धुवा आणि पाने फाडू नका.

– इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी, तालुका काटोल, जिल्हा नागपूर