जोसेफ मॅझिनी : उद्यानातील अर्धपुतळा आणि मराठीतील चरित्र

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या सार्वजनिक उद्यानात जोसेफ मॅझिनी यांचा अर्धपुतळा आहे. जोव्हान्नी तुरीनी या शिल्पकाराने घडविलेल्या या पुतळ्याचे अनावरण १८७८ साली, मॅझिनींच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी झाले. त्यांच्या मायदेशाची राजधानी रोम. तेथील त्यांचे स्मारक मात्र १९४९ साली उघडले गेले. हा विलंब समजून घ्यावयाचा तर त्यांच्या चरित्राकडेच वळावे लागते.

मॅझिनींचा जन्म २२ जून १८०५ रोजी जिनोआ येथे झाला. वडील वैद्यकाचे प्राध्यापक होते. पराधीन व विभागलेल्या देशाचे सुतक म्हणून त्यांनी तरुणपणीच काळा पोशाख स्वीकारला आणि तो जन्मभर सोडला नाही. कार्बोनारी या गुप्त संघटनेशी संबंध असल्यामुळे १८३० साली त्यांना अटक होऊन सॅव्होनाच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. सुटकेनंतर मार्सेय येथे निर्वासित असताना १८३१ साली त्यांनी 'तरुण इटली' ही संस्था स्थापन केली. तिचे उठाव फसले, सहकारी मारले गेले आणि खुद्द मॅझिनींना त्यांच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली.

१८३७ पासून लंडन हे त्यांचे आश्रयस्थान झाले. रस्तोरस्ती वाद्यपेटी वाजवून पोट भरणाऱ्या गरीब इटालियन मुलांसाठी त्यांनी तेथे १८४१ साली शाळा काढली. १८४९ साली रोमच्या प्रजासत्ताकाच्या तीन प्रमुखांपैकी ते एक होते. फ्रेंच सैन्याने काही महिन्यांतच ते राज्य मोडले. १८६१ साली इटली एक झाली, पण राजाच्या छत्राखाली. प्रजासत्ताकाचा आग्रह न सोडल्यामुळे आपल्याच देशात ते परके ठरले. १८७० साली त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. १० मार्च १८७२ रोजी पिसा येथे परक्या नावाने राहत असता त्यांचे निधन झाले.

मराठीत मॅझिनींचे स्मारक उभे राहिले ते ग्रंथरूपाने. लंडनला गेलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी त्यांच्या आत्मचरित्राचा व राजकीय लेखांचा इंग्रजीवरून अनुवाद केला आणि तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. टिळक व शि. म. परांजपे यांना अर्पण केलेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मॅझिनी व गॅरिबाल्डी यांच्या जोडीला रामदास-शिवाजींच्या पंक्तीस बसविले आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या 'अभिनव भारत' संस्थेचे नावही 'तरुण इटली'चे स्मरण करून देते. या वातावरणाची परिणती कोठवर गेली, याची साक्ष ठाण्याचे कारागृह देते. जॅक्सनवधाच्या प्रकरणात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना तेथे १९ एप्रिल १९१० रोजी फाशी देण्यात आली. अंदमानास नेण्यापूर्वी सावरकरांनाही काही काळ तेथेच ठेवले होते.

सरकारने ग्रंथ जप्त केला. त्यामुळे मराठी मनात गुप्त संघटनेचा सूत्रधार तेवढा ठसला. मुलांना शिकविणारा, हक्कांआधी कर्तव्ये सांगणारा मॅझिनी मागे पडला. अनुवादाचा अभ्यास करताना ही उणीव ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण ती अनुवादकाच्या गरजेतून व काळाच्या निकडीतून आलेली आहे. ग्रंथावरील बंदी १९४६ साली उठली. त्याच वर्षी इटलीने राजपद रद्द करून प्रजासत्ताक स्वीकारले. चरित्रनायकाचे स्वप्न आणि त्याचे मराठी चरित्र, दोहोंची सुटका अशी एकाच वर्षी झाली.