रामचंद्रपंत अमात्य आणि त्यांची राजनीति

राजाचा अधिकार कोठून येतो, आणि राजा कायद्याच्या वर आहे कीं कायद्याखालीं, हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत या प्रश्नावर ग्रंथ झाले, पार्लमेंटांत भांडणें झालीं आणि शेवटीं रक्तही सांडलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आपल्या महाराष्ट्रांतही राजाच्या कर्तव्याचा विचार मराठींत लिहिला गेला. तो लिहिणारे पुरुष रामचंद्र नीळकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य, असें मानितात. खेड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस अधिकाऱ्याशीं आणि सावकाराशीं नित्य काम पडतें. त्यांस या पुरुषाची ओळख असावी म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

रामचंद्रपंतांचा जन्म इ. स. १६५० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील नीळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या पदरीं मोठे कारभारी होते. १६७४ सालीं रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला, त्या वेळीं अष्टप्रधानांत अमात्याचें पद रामचंद्रपंतांकडे होतें. अमात्याचें काम राज्याचा जमाखर्च पाहण्याचें. कोणत्या महालाचा वसूल किती, कोणत्या किल्ल्यावर खर्च किती, हें सर्व त्याच्या दप्तरीं येत असे. ज्याच्या हातांतून असे कागद जातात त्यास राज्य कशानें चालतें आणि कशानें बुडतें हें लवकर समजतें. पंतांचें शिक्षण असें झालें.

१६८० सालीं शिवाजी महाराज वारले. पुढें औरंगजेब बादशहा अफाट फौज घेऊन दक्षिणेंत उतरला. १६८९ च्या मार्च महिन्यांत त्यानें संभाजी महाराजांस ठार केलें. त्याच वर्षीं रायगडही पडला आणि संभाजी महाराजांची राणी येसूबाई व बालपुत्र शाहू हीं बादशहाच्या कैदेंत गेलीं. राजाराम महाराजांस दूर दक्षिणेंत जिंजीच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. राजा देशांत नाहीं, राजधानी शत्रूच्या हातीं, खजिना रिकामा, अशा वेळीं महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांवर सोंपविला गेला. त्यांस हुकूमतपनाह असा किताब देण्यांत आला. शंकराजी नारायण हे कारभारांत आणि संताजी घोरपडे व धनाजी जाधव हे रणांगणावर, अशा माणसांच्या साह्यानें पंतांनीं पुष्कळ वर्षें राज्य तगविलें. राजाराम महाराज १७०० सालीं सिंहगडावर वारले. पुढें महाराणी ताराबाईंनीं झुंज चालू ठेविली. बादशहाचे दिवस मात्र दक्षिणेंतच सरले. १७०७ सालीं आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारीं अहमदनगरास तो मरण पावला.

येथें इंग्लंडाकडे दृष्टि टाकली असतां एक गोष्ट लक्षांत येते. तेथें पहिला जेम्स राजा यानें १५९८ सालीं, म्हणजे स्कॉटलंडचा राजा असतांनाच, एक ग्रंथ लिहून राजा केवळ देवास जबाबदार आहे, प्रजेस नाहीं, असें प्रतिपादन केलें होतें. त्यासाठीं त्यानें पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायाचा आधार घेतला. पुढें मिल्टन कवीनें त्याच अध्यायावरून अगदीं उलट अर्थ काढिला. जेम्साचा पुत्र चार्ल्स याच्या काळीं, १६२८ सालीं, पार्लमेंटानें त्याच्यापुढें अर्ज ठेविला कीं आमच्या संमतीशिवाय कर बसवूं नये व कारण दाखविल्याशिवाय कोणास कैदेंत टाकूं नये. चार्ल्सानें तो मान्य केला, पण पाळिला नाहीं. शेवटीं युद्ध झालें आणि १६४९ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. पुढें १६८९ सालीं पार्लमेंटानें नवा कायदा करून राजाचे हात बांधून टाकिले. म्हणजे ज्या वर्षीं तेथें राजास कायद्याच्या खालीं आणिलें, त्याच वर्षीं आमच्या इकडे राजावांचून राज्य कसें राखावें ही पंतांस चिंता पडली होती.

बादशहा मेल्यावर शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या घरांतच तंटा उभा राहिला. सातारा एकीकडे, पन्हाळा व कोल्हापूर दुसरीकडे, असे राज्याचे दोन तुकडे झाले. पंत कोल्हापूरच्या पक्षास राहिले. १७१४ सालीं तेथेंही पालट होऊन ताराबाईंचा पुत्र गादीवरून दूर झाला आणि राजाराम महाराजांचा दुसरा पुत्र संभाजी राजा झाला. या पालटास पंतांचें अंग होतें. पुढल्याच वर्षीं, १७१५ सालीं, या तरुण राजाच्या नांवें एक मोठें आज्ञापत्र निघालें. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या वृद्ध प्रधानानें राज्य कसें करावें हें त्यांत मांडिलें आहे.

त्यांतील कांहीं विचार आमच्या शब्दांत सांगतों. राज्य हें राजाच्या चैनीकरितां नाहीं. देवानें तें प्रजेच्या पालनाकरितां त्याच्या हातीं दिलें आहे. व्यापारी हे राज्यास शोभा आणणारे. त्यांच्यामुळें नाहीं ती वस्तु देशांत येते आणि अडचणीच्या वेळीं कर्जही मिळतें, म्हणून त्यांस उपद्रव होऊं देऊं नये. किल्ले हें राज्याचें सार. त्यांवरील अधिकारी विश्वासू असावे. युरोपांतून आलेले टोपीकर दिसतात साधे व्यापारी, पण त्यांच्या मागें त्यांचे राजे आहेत. त्यांस समुद्रकांठीं व खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये. शंभर वर्षांनीं, १८१८ सालीं, मराठ्यांचें राज्य त्याच टोपीकरांपैकीं इंग्रजांच्या हातीं गेलें, हें पाहिलें म्हणजे पंतांची दृष्टि किती दूर पोंचत होती हें कळून येतें.

देशमुख, देशपांडे, पाटील अशा वतनदारांविषयीं त्यांनीं लिहिलेलें फार मार्मिक आहे. हे लोक नांवाचे चाकर, पण खरें पाहतां राज्याचे लहान वांटेकरीच. आपल्याजवळ आहे तेवढ्यावर त्यांचें समाधान नसतें. दुबळ्याचें घ्यावें आणि परचक्र आलें म्हणजे वतन वांचविण्यासाठीं शत्रूस मिळावें, अशी त्यांची रीत. म्हणून त्यांस बुडवूंही नये आणि मोकळेंही सोडूं नये. युद्धाच्या अडचणींत सरदार राखण्याकरितां वतनें व इनामें वांटावीं लागलीं होतीं. त्याचे परिणाम पंतांनीं स्वतः पाहिले होते. म्हणून चाकरीबद्दल बक्षीस द्यावें, पण जमीन तोडून देऊं नये, असें त्यांनीं राजास बजाविलें.

परंतु आमच्या मतें या आज्ञापत्रांतील अत्यंत सुंदर भाग झाडांविषयींचा आहे. आरमाराकरितां लांकूड लागे. सागवान वगैरे रानांतून तोडून आणावें. पण आंबा, फणस हीं झाडें कामाचीं असलीं तरी रयतेच्या शेतांतील अशा झाडास हात लावूं नये. कारण हीं झाडें वर्षा दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार नाहीं, आणि गरिबास दुःख देऊन साधलेलें काम टिकत नाहीं. एखादें झाड जुनें होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन, मग तोडावें. जबरदस्ती मुळींच करूं नये. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट ज्यांस पाठ आहे त्यांस यांतील न्याय निराळा समजावून सांगावयास नको.

तथापि पंतांच्या लेखांत एक मोठी उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. राजानें झाड तोडूं नये असें ते म्हणतात. परंतु त्यानें तोडलेंच तर रयतेनें कोणाकडे जावें, हें ते सांगत नाहींत. राजाचा विवेक आणि देवाचें भय, एवढेच दोन पहारेकरी त्यांनीं नेमिले. राजा चांगला असेल तर ते पुरेत. नसेल तर पुरत नाहींत. इंग्लंडांत अशा वेळीं पार्लमेंट आडवें येई. अर्थात् तेथेंही त्या काळीं गरीब नांगऱ्यास मत नव्हतें. पार्लमेंट मुख्यत्वें जमीनदारांचें होतें. पण राजास अडविणारी एक सभा असावी, ही गोष्ट तेथें रूढ झाली. आमच्याकडे वाईट राजा दूर करावयाचा तर कटावांचून दुसरी वाट नव्हती. १७१४ सालीं गादीचा पालट झाला तोही कोणा सभेच्या निवाड्यानें नव्हे.

आज्ञापत्रानंतर पंत फार दिवस जगले नाहींत; १७१६ सालीं ते निवर्तले. गगनबावडा ही त्यांच्या वंशजांची जहागीर पुढेंही चालू राहिली. सातारा व कोल्हापूर यांचा तंटा १७३१ सालीं वारणेच्या तहानें मिटला, पण राज्य दोनच राहिलें.

आपल्या बीड भागांत मराठ्यांचें राज्य स्थिर झालें नाहीं. येथें आधीं मोगल आणि १७२४ नंतर निजाम. आमच्या वाडवडिलांनीं वेठ केली, ती फुकट केली, आणि दाद मागावयास सभा नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना लागू झाली. तिनें राजाचा विवेक पुरेसा मानिला नाहीं. कायदा वर ठेविला, वेठबिगार बंद केली आणि नांगऱ्याच्याही हातीं मत दिलें. पंतांनीं जी दया राजाकडून मागितली ती आतां रयतेचा हक्क झाली आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाहीं. ग्रामसभेची दवंडी झाली असतां जो घरीं बसतो, त्याच्या बांधावरचें झाड पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवरच राहतें. म्हणून आमच्या प्रत्येक वाचकानें सभेस जावें, हिशेब वाचून घ्यावा, आणि विचारावयाचें तें नम्रतेनें पण उभें राहून विचारावें.