आठ तारांचा हट्ट

मेंडोलिनच्या आवाजाला आयुष्य थोडे. तार छेडली की स्वर चमकतो आणि लगेच विझू लागतो. सतारीची लांबणारी आस त्याच्यापाशी नाही. जोडीजोडीने बांधलेल्या आठ तारा, त्यांची लांबी जेमतेम चौदा इंच. स्वर टिकवायला वादकाला नखी सारखी थरथरवावी लागते. अशा वाद्याचा गोडवा न सांडता तो सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा, हा जुनाच पेच आहे. याच वाद्यातून रागसंगीत काढणारा एक हट्टी कलावंत मुंबईत होऊन गेला. त्याचे नाव सज्जाद हुसेन.

जन्म १९१७ चा, माळव्यातल्या सीतामऊ संस्थानातला. वडिलांनी लहानपणीच सतारीचे धडे दिले. १९३७ साली थोरल्या भावाबरोबर सज्जाद मुंबईत आले आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये दरमहा ३० रुपयांवर नोकरीला लागले. पुढे 'दोस्त' (१९४४), 'संगदिल' (१९५२), 'रुस्तम सोहराब' (१९६३) या चित्रपटांनी त्यांना संगीतकार म्हणून नाव दिले. पण उभ्या कारकिर्दीत चित्रपट मिळाले ते विसाच्या आतच. सुरात तडजोड नाही आणि जिभेलाही लगाम नाही, त्यामुळे मोठमोठ्यांशी खटके उडाले. त्याची किंमत त्यांनी रोखीत मोजली.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणात ध्वनिक्षेपक मोजकेच असत. कोणाचे वाद्य किती ऐकू यायचे, हे वादक माईकपासून किती अंतरावर बसतो आणि कसा आघात करतो यावर ठरे. चूक झाकायला नंतर काही करता येत नसे. सज्जादांचे कान त्या शाळेत तयार झाले.

मेंडोलिनवर मींड काढणे महाकठीण. तारा आखूड आणि ताठ. जोडीतली एक जास्त खेचली गेली की दुसरीशी बेसूर होते. सज्जादांच्या बोटांत मात्र सतार मुरलेली होती. पडद्यांच्या मधल्या जागा त्यांनी मेंडोलिनकडून वदवून घेतल्या. १९५६ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत ते दिग्गजांच्या पंगतीत वाजवायला बसले, ते या बळावर.

पुढे दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी वेगळी वाट धरली. विजेचे मेंडोलिन घेतले, जोड्या काढून पाच एकेरी तारा ठेवल्या आणि कर्नाटक संगीत गाजवले. लाकडी वाद्यावर निष्ठा असणाऱ्यांपुढे पेच उरतोच. पेटीच्या तोंडासमोर माईक धरला तर आवाज घुमतो, स्पीकर किंचाळू लागतो. घोडीला पिकअप लावला तर तोच स्वर पत्र्यावर वाजल्यासारखा कोरडा होतो. दांडी पेटीला मिळते त्या बाजूला थोड्या अंतरावर माईक ठेवला, तर लाकूड आणि तार दोन्ही ऐकू येतात. मात्र अंतर राखले की आवाज कमी पडतो, तेव्हा नखीचा आघातच भरदार हवा.

ध्वनिवर्धक हा शेवटी व्याज देणारा. मुद्दल बोटांनीच भरावे लागते. २१ जुलै १९९५ रोजी सज्जाद हुसेन मुंबईत गेले. वाशीच्या भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांच्या एखाद्या कार्यक्रमात मेंडोलिनचा तुकडा येईल, तेव्हा वाढवलेला आवाज क्षणभर विसरून नुसता स्वर ऐकावा. मुद्दल किती आहे, ते तिथेच कळते.