बेचकीने उठवलेला शिकारी

पळस्पे सोडून पुण्याच्या बाजूला निघाले की कोन लागते. एक्स्प्रेस-वे झाला, इमारती उठल्या, पण ज्याची भाताची खाचरे अजून शिल्लक आहेत त्याची रात्रीची राखण काही सुटलेली नाही. रानडुक्कर एका रात्रीत उभ्या पिकाचे काय करते हे शेतकऱ्याला सांगायला नको. असा विषय निघाला की शिकाऱ्यांच्या गोष्टी निघतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते बरेच झाले. तरी शिकारी म्हटले की पहिले नाव येते ते जिम कॉर्बेट यांचे. त्यांच्या नरभक्षक वाघांच्या हकिकती पुष्कळांनी वाचल्या असतील. पण हा माणूस तीन वेळा जिवावरच्या दुखण्यातून उठला आणि तिन्ही वेळा उठून रानातच गेला, ही बाजू फारशी बोलली जात नाही.

कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात पोरांची पलटण. जिम सहा वर्षांचा होण्याच्या सुमारास वडील गेले आणि संसाराचा भार आईवर आणि थोरला भाऊ टॉम याच्यावर पडला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली काळाढुंगी, असा मुक्काम असे. काळाढुंगीला घराच्या कुंपणापलीकडे जंगलच.

लहानपणीच जिमला न्यूमोनिया झाला. त्या काळी या दुखण्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती. रोगी आपल्या अंगच्या जोरावर तरला तर तरला. पोराची जगण्याची आशाच सुटायला लागली होती. तेव्हा टॉमने एक युक्ती केली. त्याने जिमला बेचकी आणून दिली. बरा झालास की रानात जायचे, ही ओढ त्या बेचकीने लावली. आपल्याकडेही आजारी पोराला उशाशी काहीतरी देतात, पण ते बहुतेक वेळा खाऊ नाहीतर खेळणे असते. टॉमने दिलेली वस्तू बिछान्यात पडून वापरताच येत नव्हती. तिच्यासाठी उठावेच लागले.

पोर उठले आणि बेचकी घेऊन रानात हिंडू लागले. पुढे हातात ठासणीची जुनी दुनळी बंदूक आली. तिची एक नळी फुटलेली होती आणि बंदूक तारेने बांधून ठेवलेली. म्हणजे बार एकच. एकाच बारात काम करायचे तर सावजाच्या अगदी जवळ जावे लागते, आवाज न करता चालावे लागते, माग आणि पक्ष्यांची ओरड समजावी लागते. कॉर्बेट यांचे पुढचे सगळे शिक्षण या फुटक्या बंदुकीतून झाले असे आम्हाला वाटते.

वयाच्या विशीच्या आसपास ते रेल्वेच्या नोकरीत शिरले. मोकामे घाटावर गंगेकाठी मालाची चढउतार करून घेण्याचा ठेका त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ सांभाळला. वाघाचे काम सुट्टीचे. 1907 साली चंपावतच्या वाघिणीसाठी बोलावणे आले. तिच्या नावावर 436 बळी होते. जाण्याआधी कॉर्बेट यांनी सरकारला दोन अटी घातल्या. तिच्यावर लावलेले बक्षीस मागे घ्यायचे आणि रानात फिरणारे बाकीचे शिकारी परत बोलवायचे. बक्षिसासाठी मारणारा म्हणून आपली गणना व्हावी हे त्यांना नको होते, शिवाय दुसऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागण्याची धास्तीही होती. वनखात्यातल्या मंडळींनी ही दुसरी अट लक्षात घ्यावी. बिबट्या आला म्हटल्यावर गावात जी गर्दी जमते, तिच्यात काम करणे किती अवघड असते ते त्यांना ठाऊक आहे. 1926 मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मारला. त्याने आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसे नेली होती.

आता 1929 सालची गोष्ट. फेब्रुवारीत तराईच्या रानात बरोबरच्या एका माणसाची बंदूक कॉर्बेट यांच्या डाव्या कानाजवळ उडाली. कानाचा पडदा गेला आणि आत गळू धरले. डोके ठणकायचे, चेहरा सुजला, डावा डोळा मिटून गेला. नैनितालच्या इस्पितळात ठेवले, पण गळू इतके आत होते की डॉक्टर शस्त्र लावायला धजले नाहीत. बिछान्यात पडून कण्हत राहायचे, एवढाच उपचार उरला.

त्याच सुमारास नेपाळच्या हद्दीजवळच्या तल्ला देस भागात एक वाघीण माणसे मारत होती. आठ वर्षांत दीडशेच्या घरात माणसे तिने मारल्याचे सांगत. बायामाणसांना गवत-लाकडाला रानात जाण्याची चोरी आणि शेतात उभे पीक. कापणीला जावे तर जिवाची भीती, न जावे तर वर्षाचे खायचे काय? एप्रिल लागला आणि कॉर्बेट इस्पितळातून थेट तिकडेच निघाले. टनकपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे डोंगर चढत पायी. बरोबर सहा गढवाली माणसे.

शहाणपणाने पाहिले तर ही चूकच होती. एका डोळ्याने दिसत नाही, एका कानाने ऐकू येत नाही आणि वाघाच्या मागावर तर कानच आधी लागतो. गावात पोचल्यावर त्यांना वाघीण आणि तिची दोन वाढलेली पिल्ले दिसली. पिल्ले पडली, वाघीण जखमी होऊन निसटली. जखमी जनावर गावाजवळ सोडून परत फिरणे त्यांना मान्य नव्हते. मग दिवसचे दिवस माग काढणे सुरू झाले. एका रात्री ते झाडावर बसून होते, ठणका सोसवेना, आणि तिथेच गळू फुटले. जे काम डॉक्टरांच्या हत्याराला जमले नाही ते रानात आपोआप झाले. देवाची कृपा म्हणा किंवा योगायोग म्हणा. पण कोणी कानात गळू असताना डोंगर चढायला लागू नये. दहातले नऊ वाटेतच जातील.

दुखणे हलके झाल्यावर त्यांनी वाघीण गाठली आणि तल्ला देसची सुटका झाली. कातडे काढताना तिच्या पुढच्या पायात साळिंदराचे काटे रुतून बसलेले सापडले. त्या पायाने तिला रानातले सावज पकडता येत नव्हते. म्हणजे मागावरचा रोगी आणि पुढची वाघीणही जायबंदीच. ही सारी हकिकत त्यांनी पंचवीस वर्षे छापली नाही. 1954 च्या पुस्तकात ती आली.

1938 मध्ये ठाकची वाघीण मारली तेव्हा कॉर्बेट 63 वर्षांचे होते. तो त्यांचा शेवटचा नरभक्षक. दुसरे महायुद्ध लागल्यावर ते सैन्यभरतीच्या कामाला लागले आणि 1942 मध्ये टायफसने आडवे झाले. वजन निम्म्याच्या जवळ आले. आता उरलेले आयुष्य चाकाच्या खुर्चीत काढावे लागेल, असे डॉक्टरांचे मत पडले. वय 67. इथे बेचकी देणारा टॉम नव्हता. तरी ते उभे राहिले आणि 1944 मध्ये लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर जंगलातल्या लढाईचे शिक्षक झाले. ब्रह्मदेशात जाणाऱ्या सैनिकांना त्यांनी छिंदवाड्याच्या रानात शिकवले. छिंदवाडा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. पाणी कुठे सापडेल, रानातले काय खावे, पक्षी ओरडला तर काय समजावे, हे सगळे बेचकीच्या वयात शिकलेले त्यांनी फौजेला दिले. याच वर्षी त्यांचे पहिले मोठे पुस्तक मुंबईत छापले गेले. त्याचे सुरुवातीचे उत्पन्न युद्धात डोळे गेलेल्या हिंदी सैनिकांच्या वसतिगृहाला गेले.

आमच्या मते शेतकऱ्याने कॉर्बेट वाचावा तो आणखी एका कारणासाठी. काळाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी वसवले. तिथल्या कुळांची पिके रानडुकरे खात. इतका नावाजलेला बंदूकवाला, पण डुकरांवर त्यांनी उपाय केला तो गावाभोवती दगडी भिंत घालण्याचा. भिंत काही किलोमीटर लांबीची. डुकरे बाहेर आणि पीक आत. खर्च झाला, पण दर हंगामात बार उडवत बसावे लागले नाही. आज आपल्याकडे कुंपणाला चोरून वीज सोडतात आणि त्यात डुकराआधी माणूस मरतो, त्यांनी हे जरूर पाहावे.

1947 च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले आणि 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी येथे वारले. जाताना छोटी हल्द्वानीची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हवाली केली होती. तिचा सारा मात्र शेवटपर्यंत ते तिकडून भरत राहिले. भिंतीचे काही भाग अजून उभे आहेत.