फातिमा इस्माईल : लेकीच्या उपचारातून उभे राहिलेले रुग्णालय

लखनौच्या इंदिरा नगरात राहणारी मी एका कॅडेटची आई. त्याची ताई लहानपणापासून पायांनी अधू आहे. म्हणूनच या पानासाठी मी मुंबईच्या फातिमा इस्माईल यांचे चरित्र निवडले.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ सालचा. गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. घर देशकार्यात रमलेले. फातिमाबाईही स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. तेव्हा लस नव्हती. साल्क यांची लस १९५५ साली आली. पोलिओचा विषाणू स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मारतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण नेमाने व्यायाम दिला तर उरलेल्या स्नायूंचे बळ वाढते.

फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. तेथे काही महिने उपचार झाले. पुढे त्यांनी तिला पुण्यात, लष्कराने जखमी जवानांसाठी उभारलेल्या भौतिकोपचार केंद्रात नेले. युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी असलेली विद्या एका चिमुरडीच्या कामी आली.

मुलीला गुण येऊ लागला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी कोणी बोल लावला नसता. पण पोलिओ झालेली इतर मुले घरोघरी नुसती पडून होती. १९४७ साली त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. डॉ. बाळिगा यांनी चौपाटीवरील आपली जागा दिली आणि तेथे उपचार सुरू झाले. त्यातूनच पुढे हाजीअलीचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ साली राज्यसभेवर नेमणूक झाली. १९८७ साली त्या वारल्या. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला.

मूल अधू झाले की घरात आधी दोष कोणाचा यावर बोलणी होतात, मग नवससायास. आमच्याही घरी झाले. रोजचा व्यायाम मात्र कंटाळवाणा, म्हणून तोच मागे पडतो. कॅडेट मित्रांनो, रोजच्या पीटीचे मोल तुम्ही जाणता. सुट्टीत घरी गेलात आणि घरात किंवा शेजारी असे मूल असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्याच्या आईकडून शिकून घ्या आणि दिवसातून एक वेळ ते तुम्ही करून घ्या. तेवढीच त्या माउलीला उसंत मिळेल.